रस्त्याखालची निळी जागा

"मॅडम, मोनालीचा कंप्युटर पुन्हा बंद पडला!"

मी उठून गेले. पडदा काळा झाला होता. माऊस हलत नव्हता, कीबोर्डवर काही दाबून उपयोग नव्हता. डब्याच्या आतला पंखा मात्र जोरात घरघरत होता. म्हणजे आत काहीतरी चाललेलं होतं, पण ते बाहेर कळायला मार्ग नव्हता. मोनाली खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"काय करत होतीस?"

"गाडीच चालवून राहिली होती जी."

"कुठे होती गाडी?"

"रस्त्यावर."

मागून एक पोरगा म्हणाला, "पनौती आहे मॅडम ते. जिथं बसते तिथं बंद पडते." बाकीची पोरं हसली. मोनाली हसली नाही, चिडलीही नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

मी व्हिडिओ गेमची टेस्टर. टेस्टर म्हणजे दिवसभर गेम खेळायचा पगार घेणारी बाई, असं माझ्या नातेवाइकांना अजून वाटतं. खरं काम वेगळं असतं. गेम बनवणाऱ्यांनी जिथे जायचं ठरवलं आहे तिथे सगळे जातातच. जिथे जायचं ठरवलेलं नाही तिथे आधी टेस्टरने जायचं. भिंतीला गाडी घासत न्यायची, उलट्या दिशेने शर्यत लावायची, चुकीची बटणं दाबायची, आणि काय मोडतं ते लिहून द्यायचं. मोडलेल्या गोष्टीला बग म्हणतात.

त्या वेळी आम्ही नागपूरच्या एका छोट्या कंपनीत लहान मुलांसाठी गाड्यांच्या शर्यतीचा गेम करत होतो. काम एका खेळणी कंपनीचं होतं. एकमेकांत खट्कन बसणारे प्लास्टिकचे ठोकळे ते बनवायचे. आमच्या गेममध्ये मुलाने आधी पडद्यावर ठोकळे जोडून स्वतःची गाडी तयार करायची आणि मग ती पळवायची. समोर जड ठोकळे लावले की गाडी वळणावर घसरायची, उंच बांधली की कलंडायची. रस्ते, झाडं, डोंगर, सगळं ठोकळ्यांचंच. पाणीसुद्धा. धबधबा म्हणजे निळे आणि पांढरे ठोकळे एकामागून एक खाली सरकत राहायचे. खेळणी कंपनीची एक अट मात्र कडक होती. गाडी कितीही आपटली तरी तिचा ठोकळा निघाला नाही पाहिजे. त्यांच्या जाहिरातीत घट्ट बसणारे ठोकळे म्हणूनच लिहिलेलं होतं.

हा गेम ठोकळ्यांच्या डब्यासोबत सीडीवर जाणार होता आणि लोकांच्या घरच्या जुन्या कंप्युटरवर चालणार होता. आमच्या ऑफिसात तसे जुने कंप्युटरच नव्हते. म्हणून मी साकोलीची वाट धरली. माझी चुलत बहीण लीलाताई तिथे बसस्टँडच्या समोर, कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कंप्युटर क्लास चालवायची. सगळे कंप्युटर जुने, एकाचा कीबोर्ड दुसऱ्याला लावलेला. भिंतीवर भंडारा जिल्ह्याचा नकाशा. गोंदिया वेगळा होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या नकाशात जिल्हा अजून एकत्र नांदत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी क्लास रिकामा असायचा. ताईने आजूबाजूची पोरं गोळा केली. मुलांना फुकट खेळायला मिळत होतं आणि मला टेस्टर मिळत होते.

सगळं बरं चाललं होतं. फक्त मधूनच एखादा कंप्युटर असा ठार बंद पडायचा. आणि तो नेमका मोनालीचा असायचा. मी तिची जागा बदलून पाहिली. कंप्युटर बदलला की बंद पडणारा कंप्युटरही बदलायचा.

त्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मी नितीन सरांना फोन लावला. ते आमचे प्रोड्युसर, म्हणजे काम वेळेत पुरं करून क्लायंटच्या, म्हणजे त्या खेळणी कंपनीच्या, हातात देण्याची जबाबदारी त्यांची.

"सर, हँग होतोय. पुन्हा झाला."

"कशाने?"

"कळत नाही. एका मुलीकडेच होतोय."

"प्रज्ञा, मुलगी हा काही बग नसतो. मला पायऱ्या दे."

पायऱ्या म्हणजे हे करा, मग हे करा, की बग पुन्हा घडतो. त्या मिळाल्याशिवाय प्रोग्रामर काही दुरुस्त करू शकत नाही. आमचा प्रोग्रामर इम्रान ऑफिसात दोन दिवस गाडी पळवत बसला होता. त्याच्याकडे एकदाही हँग झाला नव्हता.

"क्लायंटला हे आधीच कळलंय," सर हळू आवाजात म्हणाले. "त्यांच्या एका साहेबाच्या घरी बंद पडला. सीडी छापायला जायच्या आत सापडला नाही तर ते काम काढून घेणार आहेत. मग इम्रान आणि तू, दोघांनाही मी काय सांगू ते मलाच माहीत नाही."

फोन ठेवला तर लीलाताई दारात उभी.

"प्रज्ञा, मी त्या पोरीले उद्यापासून येऊ नको म्हणून सांगते."

"काहून?"

"काहून म्हणजे? कंप्युटर माझे आहेत. एखादा कायमचा बसला तर मले कोण भरून देईन? अन् बाकीच्या पोरायचे मायबाप विचारून राहिले, हे पोरगी काय करते म्हणून. हातच तसा आहे तिचा."

"ताई, हाताने कंप्युटर बंद पडत नाही."

"मग कायनं पडते, ते सांग."

मी ताईकडून एक दुपार मागून घेतली.

मी नागपूरहून रोज बसने ये-जा करायचे. दुसऱ्या दिवशी येताना खिडकीतून मोनालीचं घर दिसलं. ताईने खूण सांगितली होती. हायवेला लागून पंक्चरचं दुकान आणि त्याच्याच मागे दोन खोल्या. बापाचा हवेचा कंप्रेसर दुकानाच्या पुढ्यात सुरू होता. शेजारी ट्रक थांबलेले, मागून येणारे हॉर्न देत होते. दारात दोन-तीन लहान पोरं, एक म्हातारी, आणि टायर. बस पुढे गेली तरी तो कंप्रेसर काही वेळ ऐकू येत राहिला.

त्या दुपारी मी बाकीच्या मुलांना लवकर सोडलं. मोनालीला थांबवून घेतलं. तिला वाटलं आता रागावणार. मी काहीच विचारलं नाही. तिच्या शेजारच्या कंप्युटरवर बसले, एक वेडीवाकडी गाडी बांधली आणि मुद्दाम कठड्यावर नेऊन आपटायला लागले. गाडी रस्त्याबाहेर गेली की खाली पडायची आणि लगेच पुन्हा रस्त्यावर यायची. ट्रॅकच्या खाली आम्ही एक न दिसणारी जाळी अंथरलेली असते. गाडी तिला टेकली की गेम तिला उचलून परत रस्त्यावर ठेवतो.

मोनाली बराच वेळ बघत होती.

"मॅडम, तुम्ही काहून रस्ता सोडून राहिल्या?"

"माझं कामच ते आहे. जिथे जायचं नाही तिथे जाऊन बघायचं."

"त्याचे पैसे भेटते?"

"हो."

तिला हे पटायला वेळ लागला. मी पुन्हा कठड्यावर आपटले, पुन्हा रस्त्यावर आले. शेवटी ती खुदकन हसली.

"असं नाही जात जी. धबधब्याच्या मागून जा लागते."

"कुठे?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. ताई खाली दुकानात गेली होती.

"तठी," ती म्हणाली.

तठी म्हणजे तिथे. आमच्याकडे कोणीही रोज कितीतरी वेळा म्हणतं. पण तिने ते गावाचं नाव सांगावं तसं सांगितलं.

तिने आपली गाडी बांधली. पिवळी, बुटकी, मागे एकच हिरवा ठोकळा. डोंगराच्या ट्रॅकवर शर्यत सुरू झाली. बाकीच्या गाड्या भर्रकन पुढे गेल्या. ही सावकाश निघाली. धबधब्याजवळ रस्ता वळतो. तिथे न वळता ती सरळ पाण्यात शिरली, निळे-पांढरे ठोकळे गाडीवरून सरकले, आणि त्यांच्या मागे ट्रॅकच्या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत पुढचं चाक गेलं. मग अख्खी गाडी.

आणि आवाज थांबला.

इंजिनाचा आवाज आम्ही चाकांना बांधला होता. चाक जमिनीला टेकलेलं असेल तरच तो वाजायचा. आता टेकायला काही नव्हतं. गाडी पडत होती, पण पडताना दिसत नव्हती. पडणं कळायला बाजूने काहीतरी वर जाताना दिसावं लागतं, आणि तिथे बाजूला काहीच नव्हतं. फक्त निळं. आकाशाचा जो रंग आम्ही ट्रॅकच्या भोवती भरला होता तो खालीही तसाच पसरलेला होता, कडेला थोडा जांभळट, पहाटे तळ्यावर असतो तसा. ट्रॅक वर राहिला, लहान झाला, नखाएवढा झाला, नाहीसा झाला. त्या निळ्यात पिवळी गाडी एकटी तरंगत होती आणि कॅमेरा तिच्याभोवती हळूहळू फिरत होता.

"आता बघा," मोनाली कुजबुजली.

बराच वेळ काही झालं नाही. पंखा फिरत होता. बाहेर बसस्टँडवर कंडक्टर लाखनी, भंडारा असं ओरडत होता, पण ते खूप लांबून आल्यासारखं वाटत होतं. मग मागचा हिरवा ठोकळा थरथरला. किंचित. थंडीत एखादं पोर कुडकुडावं तसा. तो सुटला आणि गाडीच्या शेजारून चालू लागला. मग एक पिवळा. मग चाकं, चारही चार दिशांना, घाई न करता. कोणी तोडत नव्हतं, कोणी आपटत नव्हतं. गाडी उमलत होती. सगळे ठोकळे एकमेकांपासून थोडे थोडे दूर झाले आणि तसेच राहिले, आपापल्या जागी, हळूहळू फिरत. मी सगळी शर्यत विसरले. सीडी विसरले. माझा हात माऊसवरून कधी निघाला ते मला कळलं नाही. आम्ही दोघी त्या पडद्यासमोर हनुवटी टेकवून बसलो होतो.

"किती मस्त वाटते, नाही?" ती म्हणाली.

"हो."

पडदा काळा झाला.

टेस्टरला बग सापडल्यावर जो आनंद होतो तो मला झाला, ते नाकारत नाही. पायऱ्या मिळाल्या होत्या. काय झालं असेल तेही बरंचसं लक्षात आलं. कोणीतरी शेवटी शेवटी धबधबा थोडा सरकवला होता आणि त्याच्याखाली जाळी अंथरायची राहिली होती. गाडी खालीच जात राहायची. ती कुठे आहे याचा आकडा मोठा मोठा होत जायचा. आणि आकडा फार मोठा झाला की कंप्युटरला बारीक फरक कळेनासा होतो. ट्रक मोजायच्या धर्मकाट्यावर चिमूटभर जिरं ठेवावं, तसं. हा ठोकळा त्या ठोकळ्याला चिकटलेला आहे की थोडा लांब, ते त्याला समजत नाही. म्हणून ते सुटायचे. शेवटी हिशेब पूर्ण हाताबाहेर जायचा आणि कंप्युटर थांबायचा. इम्रानला हे कधी दिसलं नसतं, कारण ऑफिसात गाडी पडली की आम्ही लगेच शर्यत पुन्हा सुरू करायचो. पडत राहायला कोणी थांबत नव्हतं.

मी मोनालीकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरचा आनंद तिला दिसला होता आणि त्याचा अर्थही तिला कळला होता.

"आता बुजवान का?"

मी खोटं बोलू शकले असते. "हो," म्हणाले.

"काहून?"

"तिथे गेलं की कंप्युटर बंद पडतो ना."

तिने थोडा विचार केला. "मग बंद पडेपर्यंत तर राहू द्या."

"मोनाली, सगळे तुला पनौती म्हणत होते. ताई तुला काढून टाकणार होती. तू सांगितलं का नाहीस, की तिथे भोक आहे म्हणून?"

"सांगतली असती तर सगळेच आले असते तठी," ती म्हणाली.

लीलाताई वर आली तेव्हा मी तिला सगळं दाखवलं. दोष गेममध्ये आहे, पोरीच्या हातात नाही, हे दोनदा सांगितलं. ताई ओशाळली. मोनालीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "चांगली आहे माय पोरगी. आमाले काय समजते." मोनालीने मान हलवली आणि चपला घालून निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी सरांना फोन केला. पायऱ्या सांगितल्या. पलीकडे खुर्ची ढकलल्याचा आवाज आला, मग इम्रानचा आवाज, "झाला! माझ्याकडेही झाला!" आणि मग दोघांचं हसणं.

"प्रज्ञा, जेवण माझ्याकडून," सर म्हणाले. "इम्रान आज जाळी टाकतोय. विषय संपला."

"सर, जाळी न टाकता नाही का होणार?"

"म्हणजे?"

"ती जागा ठेवायची. फक्त हँग होऊ द्यायचं नाही."

इम्रानने फोन घेतला. "होईल. गाडीला पडू द्यायचंच नाही, एकाच जागी धरून ठेवायचं. आकडा वाढणार नाही. ठोकळे सोडवायचे ते मी हाताने सोडवीन. अवघड नाही."

"पण कशाला?" मागून सरांचा आवाज आला. "शर्यतीचा गेम आहे. तिथे जाऊन पोरगं करणार काय?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "तेच तर चांगलं आहे."

सर वाईट माणूस नव्हते. पुढच्या आठवड्यात क्लायंटच्या मॅडम नागपूरला आल्या तेव्हा सरांनी मला ते दाखवू दिलं. इम्रानने रात्रीतून एक नमुना करून ठेवला होता. पिवळी गाडी, निळी जागा, शांतता. मॅडमनी शेवटपर्यंत पाहिलं. त्यांचाही चेहरा क्षणभर सैल झाला, असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "सुंदर आहे. पण ठोकळे निघतायत."

"हो."

"आमचे ठोकळे निघत नाहीत."

सरांनी मधला मार्ग काढला. शर्यत संपल्यावर नंबर दाखवायच्या पडद्यावर जिंकलेली गाडी हवेत उचलायची, तिचे ठोकळे उघडायचे आणि पुन्हा जोडून नवी गाडी करायची. म्हणजे ठोकळे निघाले नाहीत, मुलाने नवीन काहीतरी बनवलं. मॅडमना ते पटलं. त्यांनी वर थोडं संगीत आणि रंगीत कागदाचे तुकडे घालायला सांगितले. धबधब्याखाली जाळी पडली. सीडी वेळेत छापल्या गेल्या. इम्रानची आणि माझी नोकरी राहिली.

पहिला डबा हातात आला तसा मी साकोलीला घेऊन गेले. पोरं तुटून पडली. गेम एकदाही बंद पडला नाही. मोनालीला आता कोणी काही म्हणत नव्हतं. ज्या पोराने तिला पनौती म्हटलं होतं तोच तिच्यासाठी खुर्ची धरून बसला होता. तिने डोंगराचा ट्रॅक घेतला. गाडी तशीच, पिवळी. धबधब्याशी आली, पाण्यात शिरली आणि लगेच परत रस्त्यावर येऊन पडली. पुन्हा एकदा गेली. पुन्हा रस्त्यावर. मग तिने सरळ शर्यत पुरी केली. ती सगळ्यांच्या पुढे आली, कारण नीट चालवायची म्हटलं तर ती फार छान चालवायची.

शेवटचा पडदा आला. संगीत सुरू झालं. तिची गाडी वर उचलली गेली, ठोकळे उघडले, कागदाचे तुकडे उडाले, सगळी पोरं ओरडली, "मोनाली पहिली! मोनाली पहिली!" ठोकळे जोडून एक नवी गाडी झाली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आवडलं?"

"चांगलं आहे जी." तिने नम्रपणे सांगितलं. पाहुण्यांकडे जेवण कसं झालं विचारल्यावर सांगतात तसं.

"ते तुझ्यामुळे झालंय. तठीचंच आहे ते."

तिने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या खुर्चीला घेरून उभ्या असलेल्या पोरांकडे.

"नाही जी," ती म्हणाली. "तठी कोणी नव्हतं."

मग ती उठली आणि दुसऱ्या पोराला बसायला जागा दिली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी अजून टेस्टिंगच करते. हाताखाली नवी मुलं असतात, त्यांना मी शिकवते की बग सापडला की दया न करता कळवायचा, कारण लोकांचे कंप्युटर बंद पडतात आणि माणसांच्या नोकऱ्या जातात. ते खरंच आहे. मोनालीची जागा बुजवली याचं मला वाईट वाटतं, पण चूक झाली असं वाटत नाही. फक्त एक सवय त्या उन्हाळ्यानंतर लागली. एखादं मूल गेममध्ये नको तिथे गेलेलं दिसलं तर मी लगेच पायऱ्या लिहायला घेत नाही. आधी शेजारी खुर्ची ओढते आणि पडदा काळा होईपर्यंत त्याच्याबरोबर बसते. मग कळवते.